यादीत नसलेली चाचणी

चौसष्ट नग परत आले. बायकांच्या काळ्या सुती निकर्स. शहरातल्या मोठ्या दुकानानं खोक्यात कोंबून पाठवल्या होत्या आणि वर चिठ्ठी डकवली होती: ‘रंग उडतो. गिऱ्हाइकं ओरडतात. खुलासा करा.’ खोकं आलं ते थेट मालकाच्या टेबलावर, आणि मालकानं हाक मारली ती थेट रंगमावशीला.

रंगमावशी म्हणजे कारखान्यात कापडाचा रंग तपासणारी बाई. प्रत्येक लॉटमधून वीतभर तुकडा कापून तिच्या टेबलावर यायचा. ती तो साबणात उकळायची, पांढऱ्या फडक्यावर घासायची, बाटलीतल्या खोट्या घामात भिजवायची, उन्हासारख्या कडक दिव्याखाली भाजायची. एवढा छळ सोसून तुकड्यानं रंग सोडला नाही, तरच ती पत्रकावर सही करायची आणि मगच ते कापड शिवायला जायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. मधल्या काळात मालक बदलला, बापाच्या खुर्चीत मुलगा आला, रंगखात्यात तीन मास्तर झाले, पण मावशीचं टेबल जागचं हललं नाही. तिला त्या टेबलाचा गर्व होता, आणि का नसावा? सातवीपर्यंत शिकलेली, झाडू मारायला आलेली बाई. तिची नजर पाहून थोरल्या मालकांनी तिला तिथं बसवलं होतं. निळसर काळा कुठला आणि लालसर काळा कुठला, हे ती खिडकीशी उभी राहून सांगायची आणि नंतर यंत्रही निमूटपणे तेच सांगायचं.

तर मालकाच्या खोलीत मास्तर आधीच बसलेले. हे मास्तर म्हणजे रंगखात्याचे मुख्य. कापड रंगवायचं ते यांनी. त्यांनी खोक्यातून एक निकर उचलली, दोन्ही हातांनी ताणली आणि मधल्या दुहेरी पट्टीवर बोट ठेवलं. काळ्या कापडावर तिथं तांबूस डाग होता, बोटभर लांब, कडेला फिकट होत गेलेला. 

“हा लॉट पास कुणी केला?” मास्तरांनी विचारलं.

“मी,” मावशी म्हणाली.

“झालं तर मग.”

काय झालं? रंगवलं कुणी, रंगात मीठ किती टाकलं, पाणी किती तापवलं, हे कुणी विचारलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलंच होतं, आणि मास्तर मालकाच्या आत्याचे जावई होते. मालकानं एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे सदोष कापड पास झाले, याची मी कबुली देते.’ खाली तिचं नाव, सहीसाठी रेघ, आणि साक्षीदारासाठी आणखी एक रेघ.

“सही केलीत की तुम्हाला पॅकिंगला घेतो,” मालक म्हणाला. माणूस तसा वाईट नव्हता, डोळ्याला डोळा मात्र भिडवत नव्हता. “टेबल मास्तर बघतील. दुकानाला कुणाचं तरी नाव कळवावं लागतं, मावशी. नाहीतर पुढचं काम जाईल.”

“आणि नाही केली तर?”

“मग घरीच बसा. मला दुसरा उपाय नाही.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एकोणीस वर्षं तपासणीला बसलेली होती. तपासल्याशिवाय हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलं होतं. “आज सोमवार. शुक्रवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली आणि पाच-सहा नग काखोटीला मारून बाहेर पडली.

खरं सांगायचं तर पहिला दिवस तिला स्वतःचीच शंका आली. वय झालं, नजर उतरली, एखादा तुकडा घाईत पास केला असेल. तिनं त्याच लॉटचा राखून ठेवलेला तुकडा काढला आणि सगळ्या चाचण्या पुन्हा लावल्या. साबण. घासणी. घाम. ऊन. तुकडा कोळशासारखा काळाच्या काळा. मंगळवारी तिनं पाणी बदललं, साबण दुप्पट केला, तरी तेच. तो तांबूस डाग काही केल्या तिच्या हातून पडेना. आपली चूक शोधायला बसलेल्या माणसाला चूक सापडू नये, यासारखा वैताग नाही.

मग तिनं परत आलेले नग ओळीनं मांडले. आणि आता तिच्या लक्षात आलं ते पहिल्याच मिनिटाला यायला हवं होतं. डाग प्रत्येक नगावर त्याच जागी होता. कमरेला नाही, मांडीला नाही, पाठीमागे नाही. फक्त मधल्या पट्टीवर, तेही पुढच्या अंगाला. रंग कच्चा असता तर जागा बघून थोडाच उडाला असता?

जेवणाच्या सुट्टीत ती शिलाईखात्यात गेली. चाळीस बायका डबे उघडून बसल्या होत्या. मावशीनं निकर वर धरली आणि सरळ विचारलं, “बायांनो, असा डाग तुमच्या कुणाच्या कपड्याला पडतो का गं?”

अळीमिळी गुपचिळी. चाळीस बायकांना एकदम आपापल्या डब्यात काहीतरी बघण्यासारखं दिसलं. एकीनं पदर सारखा केला, दोघी हात धुवायला उठल्या. दिवसभर ज्या बायका नवऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांची टर उडवायच्या, त्यांची वाचाच बसली. शेवटी आक्का बोलली. आक्का म्हणजे इलॅस्टिकच्या मशीनवर बसणारी, सगळ्यांत जुनी बाई. बोलायला कमी, कामाला वाघ. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, “जेवताना काय विचारतेस हे? ज्याचं त्याला माहीत.”

“म्हणजे पडतो.”

“मी काही म्हटलं नाही,” आक्का म्हणाली आणि मशीनकडे गेली.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती धुसफुसतच. मुलगा दुसऱ्या पाळीला कामावर गेलेला, सून अजून यायची होती. सून एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, शहाणी मुलगी, पण हल्ली सासूशी कामापुरतं बोलायची. मावशी कपडे काढायला मागच्या गॅलरीत गेली. दोरीवर एक टॉवेल वाळत होता. सकाळपासूनच्या कडक उन्हात टॉवेल कधीच कोरडा झाला होता, पण त्याच्याखाली काहीतरी होतं. मावशीला आठवलं, हा टॉवेल रोजच इथं असतो आणि त्याच्याखाली रोजच काहीतरी असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? तिनं टॉवेल उचलला. खाली निळ्या रंगाची निकर होती, आणि मधल्या पट्टीवर फिकट, तांबूस डाग.

“आई, ते माझं आहे.”

सून दारात उभी होती. खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती.

“अगं, मी फक्त डाग बघत होते.”

“माहीत आहे. मागेही तुम्ही तेच बघितलं होतं.” सुनेनं टॉवेल तिच्या हातातून काढून घेतला. आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. “सहा महिने झाले. वाऱ्यानं टॉवेल उडाला होता. तुम्ही म्हणालात, अंगावरून पांढरं जातंय, हाडं झिजतील, मूल राहायचं नाही. आणि म्हणालात, हे कपडे माझ्या बादलीत टाकू नकोस.”

मावशीला ते आठवलं. आठवलं म्हणजे शब्दन् शब्द आठवला, बादली पायानं बाजूला सारली होती तेसुद्धा. तिच्या सासूनं तिला हेच ऐकवलं होतं आणि तिनं ते जसंच्या तसं पुढे दिलं होतं. तिच्या स्वतःच्या कपड्यांनाही तरुणपणी असे डाग पडायचे. ती समजायची, स्वस्तातला कपडा, दुसरं काय. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली तशी ते विसरूनही गेली. जगाच्या कापडाचा रंग तपासणाऱ्या बाईनं स्वतःच्या कपड्याकडे कधी धड बघितलं नव्हतं.

“मग तू काय केलंस?” तिनं विचारलं.

“काय करणार? घाबरले. महिनाभर जंतुनाशकानं आतून धूत होते. त्यानं आग व्हायला लागली, खाज सुटली. शेवटी कुणाला न सांगता डॉक्टरबाईंकडे गेले.” सून तिथंच गॅलरीच्या कट्ट्यावर बसली. “त्यांनी तपासलं आणि मलाच झापलं. म्हणाल्या, तुला काही झालेलं नव्हतं, जे झालं ते त्या औषधानं झालं. धुणं बंद केलं, त्यांनी मलम दिलं, आठवड्यात खाज गेली.”

“आणि पांढरं?”

“ते जायचंच असतं, आई. पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईचं जातं. आतली जागा ओली राहावी, स्वच्छ राहावी म्हणून शरीरच ते करतं. डोळ्यात पाणी असतं, तोंडात लाळ असते, तेव्हा म्हणतो का आपण की हाडं झिजली?”

 मावशी खाली पाटावर बसली आणि ऐकू लागली. सासू खाली आणि सून वर, असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

सुनेनं फोन काढला. त्यात तिनं चार महिने रोजची नोंद ठेवली होती, डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं म्हणून. पाळी संपली की दोन-तीन दिवस कोरडं. मग थोडं थोडं, चिकट, पांढरट. पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी एकदम पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. त्या सुमाराला बीज सुटतं, मूल राहतं ते याच दिवसांत. बीज सुटलं की परत घट्ट, दाट, कमी कमी होत जातं. आणि मग पाळी. तिचा महिना एकोणतीस-तीस दिवसांचा होता. कुणाचा पंचवीसचा असतो, कुणाचा पस्तीसचा.

“मग दवाखान्यात जायचं कधी?” मावशीनं विचारलं.

“वास मारायला लागला तर. खाज सुटली, आग झाली, फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या, हिरवट झालं, पाळी नसताना रक्त दिसलं किंवा ओटीपोटात दुखलं तर. नुसतं पांढरं म्हणजे आजार नाही.”

“एवढं तुला कळलं आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मावशीनं नकारार्थी मान हलवली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “बादलीचं तर फारच चुकलं.” सुनेनं पर्स खांद्यावरून उतरवली.

“पण मग डाग कसा पडतो?” मावशी थोड्या वेळानं म्हणाली. “पाण्यानं रंग जात नाही. मी उकळून बघितलंय.”

“ते साधं पाणी नसतं. आंबट असतं. आतल्या चांगल्या जंतूंमुळे. त्या आंबटपणामुळेच वाईट जंतू टिकत नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, गडद कपड्याचा रंग त्यानं उडतो, निरोगी असल्याची खूण समज.”

आंबट. मावशी उठून उभी राहिली. आंबट म्हणजे आम्ल, आणि आम्लाशी तिची रोजची गाठ. तिच्या कामाच्या पिशवीत कागदपट्ट्यांची डबी असायची, रंगाचं पाणी किती आंबट आणि किती खारं ते बघायची. पट्टी भिजवायची, तिला जो रंग येईल तो डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. साधं पाणी सात. सातच्या जितकं खाली तितकं आंबट. तिनं एक पट्टी काढून सुनेपुढे धरली आणि पहिल्यांदाच जरा अवघडली.

“करशील का? माझ्या टेबलाचा प्रश्न आहे गं,” ती म्हणाली, आणि सोमवारपासूनचं सगळं सांगितलं.

सुनेनं पट्टी घेतली आणि न्हाणीघरात गेली. बाहेर आली तेव्हा पट्टी तिनं कागदावर धरली होती. मावशीनं ती दिव्याशी नेली, डबीशी लावली, डोळा बारीक केला. एकोणीस वर्षांची नजर होती ती.

“चार,” मावशी म्हणाली. “बरोबर चार.”

आणि मग तिला खरा संताप आला. मालकाचा नाही, मास्तरांचा नाही, त्या यादीचा. तिच्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर चाचण्यांची छापील यादी होती. साबण, घासणी, ऊन, घाम. पोहायच्या कपड्यांसाठी समुद्राचं पाणी. तान्ह्या बाळांच्या कपड्यांसाठी लाळ, कारण बाळ कपडा तोंडात घालतं. किती बारीक विचार. लाळेचा विचार झाला, समुद्राचा झाला, आणि बायकांची निकर बायका अंगात घालतात एवढंच तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. घामाची चाचणी व्हायची ती पट्टीवरच्या साडेपाचला आणि आठला. चारला कुणी जातच नव्हतं. आणि ती स्वतः? ती एकोणीस वर्षं त्या यादीखाली बसून सह्या करत होती.

बुधवारी सकाळी तिनं दह्यात असतं तेच आम्ल बाटलीतून काढलं, पाण्यात थेंबाथेंबानं घालून पट्टीवर चार आणलं. राखलेल्या तुकड्यावर बोटभर जागा भिजवली, अंगाच्या उबेइतक्या तापवलेल्या पेटीत ठेवलं. वाळलं की परत भिजवलं, परत वाळवलं. निकर अंगावर जशी दिवसभर असते तसं. बुधवारी संध्याकाळी काही दिसेना. गुरुवारी दुपारी कडेनं काळा जरा थकल्यासारखा वाटला. शुक्रवारी सकाळी तिनं तुकडा खिडकीशी धरला. तांबूस. परत आलेल्या नगाशेजारी ठेवला तर सख्खी भावंडं.

शुक्रवारी दुपारी मालकाच्या खोलीत मालक होता, मास्तर होते आणि कोपऱ्यात आक्का उभी होती. कबुलीच्या कागदावर साक्षीला जुनं माणूस हवं म्हणून तिला बोलावलं होतं. तिच्या हातात पेनही देऊन ठेवलं होतं.

मावशीनं तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी नग ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आडपडदा ठेवला नाही. बाईच्या अंगातून पाळीच्या वयात रोज थोडा स्राव येतो. निरोगी बाईच्या येतो. महिन्याच्या दिवसांप्रमाणे तो बदलतो. तो आंबट असतो, पट्टीवर चारच्या आसपास. त्या आंबटानं काळा रंग तांबूस होतो. रंगात खोट नाही, कापडात नाही आणि घालणाऱ्या बाईतही नाही. आपण ही चाचणी कधी घेतलीच नाही, कारण ती यादीत नाही.

आता गंमत बघा. चार दिवस मास्तर त्या निकर्स हाताळत होते. ताणत होते, उजेडात धरत होते, चहा पिता पिता मालकाच्या हातात देत होते. कारण तेव्हा तो रंगाचा दोष होता. आता तो बाईचा स्राव आहे म्हटल्यावर त्यांनी समोरची निकर पेन्सिलीनं लांब ढकलली. मग ती पेन्सिल कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग उठून हात धुऊन आले.

“मावशी, काही पाचपोच?” मास्तर म्हणाले. “चार माणसांत काय बोलावं, काय नाही...”

“कापड तुम्ही रंगवता, तपासते मी. तपासात जे निघालं ते बोलले.”

मालकानं तुकडा उलटसुलट करून बघितला. त्याचे कान लाल झाले होते. आणि मग तो जे बोलला, ते ऐकून शहाण्या माणसानं कपाळावर हात मारावा.

“पटतंय मला,” मालक म्हणाला. “तुमची चूक नाही, मावशी. पण हे मी दुकानाला लिहू कसं? तिथं पुरुष माणसं बसलेली. असले शब्द आपल्या कागदावर? त्यापेक्षा तुम्ही सही करून टाका. कामावरून काढत नाहीच आहे. पॅकिंगला काय वाईट आहे?”

म्हणजे चूक नाही हे कबूल. तरी खापर तिच्याच डोक्यावर. कशासाठी, तर एक शब्द कागदावर येऊ नये म्हणून. एका शब्दाच्या लाजेपायी एका बाईची एकोणीस वर्षं पुसून टाकायची, आणि वर तिनं उपकार मानायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“तुमच्या आजोबांपासून हा कारखाना बायकांच्या निकर्स शिवतो,” मावशी म्हणाली.  “मापं तुम्हाला तोंडपाठ. इलॅस्टिक किती ताणायचं ते तोंडपाठ. मला सांगा, मध्ये ही दुहेरी पट्टी का लावता? एका नगाला एवढं कापड जास्त जातं, का लावता? शोभेला?”

मालक पट्टीकडे बघत राहिला. मास्तर खिडकीकडे.

“आजोबांना ठाऊक होतं, म्हणून लावली,” मावशी म्हणाली. “पट्टी लावायला लाज नाही वाटली. आणि ती कशासाठी ते लिहायला तुम्हाला लाज वाटते.”

“जरा थांब,” कोपऱ्यातून आक्का म्हणाली.

आक्का तिथं आहे हे सगळे विसरलेच होते. ती पुढे आली, टेबलावरचा नग तिनं हातात घेतला आणि अंगठ्यानं तो डाग चोळला.

“म्हणजे हे सगळ्यांनाच असतं?”

“पाळीच्या वयात सगळ्यांना,” मावशी म्हणाली. “कुणाला कमी, कुणाला जास्त.”

“आजार नाही?”

“वास नसेल, खाज नसेल, दुखत नसेल, मधेच रक्त जात नसेल, तर नाही.”

“मला तसलं काहीच नव्हतं,” आक्का म्हणाली. ती मावशीशी बोलत होती, पण बघत होती त्या डागाकडे. “नुसतं पांढरं जायचं आणि कपड्याला हा असा डाग पडायचा. कुणाला विचारायची सोय नव्हती. डॉक्टरकडे गेले. त्यानं सांगितलं, गर्भाची पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. घरचे घाबरले. काढली पिशवी. तेहतीस वर्षांची होते मी.”

 मालकानं मान वर केली आणि चार दिवसांत पहिल्यांदा समोरच्या माणसाकडे नीट बघितलं. 

आक्कानं हातातलं पेन कबुलीच्या कागदावर आडवं ठेवलं. “यावर माझी सही मिळणार नाही. ती जे सांगतेय ते लिहा, साहेब. सगळं लिहा. त्याच्याखाली म्हणाल तिथं सही करते.”

मालक कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं तो ओढून घेतला, दोनदा घडी केला आणि खणात टाकला. “मावशी, तुमच्या तपासणीच्या पत्रकावरच लिहा,” तो म्हणाला. “तुमच्या शब्दांत. मी तसंच पुढे पाठवतो.”

मास्तर “अहो, पण...” म्हणाले. मालकानं त्यांना हातानंच थांबवलं.

मावशीनं तिथंच उभ्यानं लिहिलं. स्राव लिहिलं, पाळी लिहिलं, आम्ल चार लिहिलं. ‘रंगात दोष नाही, वापरणाऱ्या स्त्रीला आजार नाही’ असंही लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिनं सही केली, साक्षीला आक्कानं केली. टेबलाशी परत आल्यावर तिनं भिंतीवरच्या छापील यादीत सगळ्यांत खाली पेननं एक ओळ वाढवली. तिला आनंद व्हायला हवा होता. टेबल राहिलं होतं, नाव राहिलं होतं. पण शिलाईखात्यातून आक्काच्या मशीनचा आवाज येत नव्हता, आणि तिचं सारखं तिकडेच लक्ष जात होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर आक्का मावशीच्या घरी आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. पाणी प्यायली, बसली आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

“तुझ्या सुनेला वाचता येईल का?” तिनं विचारलं. “डॉक्टरी भाषेत आहे. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती, त्याचा रिपोर्ट. टाके काढायला गेले तेव्हा त्या डॉक्टरनंच दिला. जपून ठेवायला सांगितलं, मी ठेवला. एकवीस वर्षं झाली. कुणी वाचून नाही दाखवला.”

सुनेनं कागद घेतला. एकदा वाचला. मग खाली बसून परत वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. कुठला तरी शब्द तिनं फोनवर बघितला. आणि मग ती मावशीकडे बघू लागली, सांगू का नको अशी.

“वाच गं,” मावशी म्हणाली. “असेल ते वाच.”

“लिहिलंय की पिशवी निरोगी होती,” सून म्हणाली. “काहीच नव्हतं, आक्का. गाठ नाही, जखम नाही, कॅन्सरचं तर नावच नाही. सगळं वयाप्रमाणे व्यवस्थित, असं लिहिलंय.”

आक्कानं कागद परत मागून घेतला. होत्या त्याच घड्यांवर तो नीट दुमडला आणि प्लास्टिकमध्ये घातला. मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला.

“हा कागद त्यानं आधी वाचला होता,” आक्का म्हणाली. “माझ्यासमोर. पूर्ण वाचला, मग माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वेळेवर आलात बाई, म्हणून वाचलात.”